अलायनर घ्यायचे का? आधी २२ तासांचा हिशेब करा

वाकडे दात सरळ करायचे म्हटलं की पूर्वी एकच रस्ता होता. दातांच्या डॉक्टरांकडं जायचं, तारा बसवून घ्यायच्या आणि वर्ष-दोन वर्षं ‘क्लिपवाली’ म्हणून घ्यायचं. आता कोल्हापुरात राजारामपुरीपासून ताराबाई पार्कापर्यंत दवाखान्यांच्या पाट्यांवर अलायनरचं, म्हणजे दातांवर चढवायच्या आणि काढता येणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या ट्रेचं, नाव दिसतं, मोबाइल उघडला की जाहिरात येते, आणि ‘कुणाला कळणारसुद्धा नाही’ एवढ्या एका वाक्यावर लोक हप्ते बांधून मोकळे होतात. लग्न ठरायच्या आधी लेकीचे दात नीट करून घेऊ म्हणणारे आईवडील, पुण्यात नोकरी लागलेली पोरं, चाळिशीत ज्यांचे पुढचे दात सरकायला लागलेत अशा बायका, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. तारा लावू की अलायनर?

माझं मत आधीच सांगते. अलायनर चांगले आहेत. योग्य दातांवर, शिस्तीच्या माणसाला ते उत्तम काम देतात. पण दिसत नाहीत हा त्यांचा सगळ्यात लहान गुण आहे आणि नेमका तोच बघून ते विकत घेतले जातात. निर्णय खरा दोन गोष्टींवर व्हायला हवा. तुमच्या दातांना कोणती हालचाल हवी आहे, आणि तुमचा दिवस कसा जातो.

दात सरकतो म्हणजे काय होतं

दाताचं मूळ हाडाला चिकटलेलं नसतं. मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो, जाडीला साधारण पाव मिलिमीटर. दाताला हलका पण टिकून राहणारा दाब दिला की एका बाजूचे तंतू दाबले जातात, दुसऱ्या बाजूचे ताणले जातात. दाबल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी जमतात, ताणल्या बाजूला नवं हाड घालणाऱ्या पेशी कामाला लागतात. असा तो दात हाडातून वाट काढत जातो, महिन्याला फार तर एखादा मिलिमीटर. तारा असोत नाहीतर अलायनर, आतली क्रिया तीच. घाई म्हणून जोर वाढवला तर दाबलेल्या जागेचा रक्तपुरवठा तुटतो, दात उलट अडून बसतो आणि मुळाचं टोक झिजायचा धोका वाढतो. ‘तीन महिन्यांत दात सरळ’ अशी जाहिरात दिसली की हे आठवा.

तारांमध्ये प्रत्येक दातावर छोटी चकती चिकटवतात आणि तिच्यातून जाणारी तार दाताला ओढते. अलायनरमध्ये तोंडाचं स्कॅन करतात, संगणकावर तुमच्या दातांची आकृती तयार होते आणि आजच्या जागेपासून हव्या त्या जागेपर्यंतचा प्रवास लहान लहान टप्प्यांत कापला जातो. एका टप्प्यात एक दात साधारण पाव मिलिमीटरच सरकवतात, कारण मघाशी सांगितलेल्या तंतूंना तेवढंच झेपतं. प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा साचा छापतात, त्यावर पातळ प्लॅस्टिक तापवून दाबून बसवतात. हा झाला एक ट्रे. तो आठवडा ते दोन आठवडे घालायचा, मग पुढचा. किरकोळ कामाला दहा-पंधरा जोड्या पुरतात, मोठ्या कामाला चाळीस-पन्नासही लागतात.

कल्पना वाटते तेवढी नवी नाही. अमेरिकेतल्या हॅरॉल्ड केसलिंग या दंतवैद्यानं १९४५ सालीच मांडलं होतं की तारा काढल्यावर उरलेली थोडी हालचाल रबराच्या साच्यानं करता येईल. अडचण होती ती प्रत्येक टप्प्याचा साचा हातानं करण्याची. ते काम संगणकावर नेलं अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीनं. १९९७ साली ती कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि १९९८ मध्ये तिच्या इन्व्हिजलाइनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. त्यांची पहिली पेटंट २०१७ मध्ये संपायला लागली, त्यानंतर इतर कंपन्यांचे ब्रँड भराभर वाढले आणि भावही थोडे खाली आले. आज आपल्याकडं जे डझनभर ब्रँड दिसतात त्यामागं हे एक मोठं कारण आहे.

आता तो हिशेब

ट्रे दिवसाला २० ते २२ तास तोंडात हवा. म्हणजे खाणं, पिणं आणि दात घासणं मिळून हातात दोन तास, सैल धरले तर चार. पाणी सोडून काहीही तोंडात घालायचं तर ट्रे काढायचा आणि परत घालण्याआधी दात घासायचे, निदान खळखळून चूळ तरी भरायची.

आता कोल्हापुरातला साधा दिवस मांडू. सकाळचा चहा १५ मिनिटं. नाश्ता आणि त्यानंतर ब्रश २५. ऑफिसात अकराचा चहा १५. दुपारचं जेवण ३५. चारला पुन्हा चहा आणि वडा २०. रात्रीचं जेवण ४०. बेरीज झाली अडीच तास, आणि अजून कुणी पाहुणा आलेला नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ आणि रात्री गंगावेशीत कट्ट्यावर ताजं दूध धरलं की सव्वातीन तास होतात. ट्रे काढून गप्पा मारत बसलं की मध्येच कुठंतरी अर्धा तास सांडतो तो वेगळाच. चहा-पाण्याला नाही म्हणणं आपल्याकडं जड जातं हे मला मान्य आहे, पण दातांना ते कारण समजत नाही. दाब सुटला की ताणलेले तंतू दाताला मागं ओढतात, दुसऱ्या दिवशी तोच ट्रे घट्ट लागतो, आणि असं आठवडाभर चाललं की पुढचा ट्रे बसतच नाही.

माझी भाची शाहूपुरीतल्या एका बँकेत नोकरी करते. तिनं अलायनर घेतले तेव्हा मी तिला मिसळ खाताना बघितलं आहे. ताट यायच्या आधी ती तोंडावर हात धरून नख आतल्या बाजूनं शेवटच्या दाढेपाशी घालायची, आधी एका बाजूचं टोक सोडवायची, मग दुसऱ्या बाजूचं, आणि मगच ट्रे पुढं ओढायची. मधूनच ओढला तर चिरतो. मग तो डबीत, डबी पर्समध्ये. मिसळ संपली की बेसिनपाशी आरशात बघत ब्रश, ट्रे थंड पाण्याखाली, आणि बोटानं दाबून परत जागेवर. वर स्पंजाची लहानशी गुंडाळी दोन-तीन मिनिटं चावायची, म्हणजे ट्रे पुरता बसतो. एकदा डबी घरी राहिली म्हणून तिनं ट्रे टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवला, पोऱ्यानं ताटाबरोबर तोही उचलला. दहा मिनिटं सगळे खरकटं धुंडाळत होते. सापडला नाही. ट्रे हरवायची ही सगळ्यात ठरलेली पद्धत आहे, कुठल्याही डॉक्टरांना विचारा. अशा वेळी मनानं पुढचा ट्रे घालायचा नाही. मागचा जपून ठेवलेला घालायचा आणि दवाखान्यात फोन करायचा. म्हणून जुना ट्रे लगेच टाकून देऊ नये.

चहाबद्दल आणखी एक. ‘एक घोट घेतला तर काय होतंय’ म्हणून ट्रे घालून गरम चहा प्यायला तर प्लॅस्टिक मऊ पडून आकार बदलू शकतो, रंग चढतो, आणि मुख्य म्हणजे साखरेचा चहा ट्रे आणि दात यांच्यामध्ये अडकून बसतो. एरवी लाळ दात धूत असते. ट्रेच्या आत ती पोचत नाही. कोल्ड्रिंक, उसाचा रस, सगळ्याला हेच लागू. तंबाखूची गोळी दाढेत ठेवणाऱ्यानं किंवा मिश्री लावणाऱ्यानं तर आधी त्या सवयीचा निकाल लावावा, हिरड्या तपासून घ्याव्यात, अलायनरचं नंतर बघावं.

कुठल्या दातांना जमतं, कुठल्यांना नाही

इथं जाहिराती गप्प बसतात, म्हणून मी जरा थांबून सांगते.

ट्रे दाताला ढकलतो. त्यामुळं पुढं झुकलेला दात मागं कलवणं, बारीक फटी मिटवणं, थोडी दाटी सोडवणं ही कामं अलायनर झकास करतात. मागच्या दातांवर प्लॅस्टिकचा थर असल्यामुळं दाढा किंचित खाली दाबल्या जातात, म्हणून पुढचे वरखालचे दात एकमेकांना टेकतच नाहीत अशा काही लोकांना त्यांचा फायदाच होतो.

अडचण येते दात फिरवताना आणि हिरडीतून बाहेर ओढताना. सुळा आणि त्यामागची छोटी दाढ वरून बघितली तर गोलसर असते. ओल्या हातानं गुळगुळीत बाटली फिरवावी तसा ट्रे तिच्यावरून निसटतो. पकड मिळावी म्हणून डॉक्टर दातावर दाताच्याच रंगाच्या सिमेंटची बारीक उंचवटी चिकटवतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. जाहिरातीतल्या हसऱ्या चेहऱ्यावर ती नसतात. तुमच्या दातांवर सहा, आठ, दहा असू शकतात, जवळून बघणाऱ्याला दिसतात, आणि तांबड्या रश्श्याची हळद त्यांच्या कडेला पिवळी होऊन बसते. उपचार संपल्यावर ती घासून काढतात.

दाढ काढून मोठी जागा मिटवायची असेल तर काम आणखी अवघड. दाताचा वरचा भाग जागेकडं कलतो आणि मूळ मागं राहतं. मुळासकट दात उभा सरकवायला तारांची पकड अजूनही वरचढ आहे. अनुभवी डॉक्टर अशी केसही अलायनरवर करतात, पण तेव्हा ते रबर, छोटे स्क्रू किंवा काही महिने तारा यांची जोड देतात. आणि मूळ दोष जबड्यातच असेल, खालचा जबडा फार पुढं किंवा फार मागं असेल, तर मोठ्या माणसात नुसते दात हलवून चेहरा बदलत नाही, तिथं शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

संगणकावर दाखवतात त्या चित्रफितीबद्दलही बोलायला हवं. दात झरझर सरळ होताना बघून माणूस हुरळतो. ती योजना असते, निकालाची हमी नव्हे. २००९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात पुढच्या दातांच्या ठरवलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्के प्रत्यक्षात उतरल्याचं दिसलं. प्लॅस्टिक आणि सॉफ्टवेअर सुधारल्यावर २०२० मध्ये पुन्हा तपासलं तेव्हा आकडा ५० टक्क्यांपर्यंत गेला होता. याचा अर्थ निम्मे दात वाकडेच राहतात असा नाही. चांगला डॉक्टर ही तूट धरूनच योजना आखतो आणि पहिला संच संपला की पुन्हा स्कॅन करून उरलेल्या कामासाठी नवे ट्रे मागवतो. त्याला रिफाइनमेंट म्हणतात, आणि बहुतेकांना ते लागतं. ‘दहा महिने’ सांगितलेले चौदा होतात ते इथं.

तारांपेक्षा बरं काय

खाण्याची मुभा हा मोठा फायदा. तारांवर चिक्की, ऊस, कणीस, कडक शेंगदाणे सगळं बंद असतं, चकती निखळते. अलायनर काढून ठेवला की पंगतीत काहीही चालतं. त्याहून मोठा फायदा स्वच्छतेचा. तारांभोवती अन्न अडकतं, मुलं नीट घासत नाहीत आणि तारा काढल्यावर चकतीच्या चौकटीएवढे पांढरे डाग दातावर राहिलेले दिसतात, किडीची ती सुरुवात असते. ट्रे काढला की दात मोकळे, ब्रश आणि फ्लॉस (दातांच्या फटीतून फिरवायचा दोरा) नेहमीसारखा. ज्यांच्या हिरड्या नाजूक आहेत अशा मोठ्या माणसांना मी म्हणूनच अलायनरचा विचार आवर्जून करायला सांगेन.

तालमींच्या संघांतून फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना आणखी एक सोय. चेंडू किंवा कोपर तोंडावर बसलं तर तारांनी ओठ आतून फाटतो. अलायनर काढून खेळापुरता माउथगार्ड घालता येतो. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्याचंही तसंच, ओठ आणि दात यांच्यामध्ये धातू नसला की वाजवणं सोपं जातं. परगावी असणाऱ्यांनाही सोयीचं आहे. तारांना दर चार-सहा आठवड्यांनी दवाखाना गाठावा लागतो, टोचणारी तार रविवारी रात्रीच सुटते. अलायनरचे तीन-चार जोड बरोबर देऊन डॉक्टर दीड-दोन महिन्यांनी बोलावू शकतात.

दुखण्याच्या बाबतीत फार फरक समजू नका. नवा ट्रे घातल्यावर दोन-तीन दिवस दात ठणकतात, चावताना जाणवतं. पहिल्या आठवड्यात ‘स’ आणि ‘श’ जरा घसरतात, मग जीभ सरावते. काहींना उपचार संपता संपता मागच्या दाढा एकमेकांना नीट टेकत नाहीत. वरखाली मिळून दीडेक मिलिमीटर प्लॅस्टिक महिनोन्‌महिने दाढांमध्ये दाबलेलं असतं, त्याचा तो परिणाम. बहुतेकदा दाढा आपोआप जागेवर येतात, पण डॉक्टरांना सांगायला हवं. मुळं थोडी आखूड होणं, हिरडी खाली सरकणं, हे तारांमधले धोके अलायनरमध्येही आहेत.

आणि एका गोष्टीला लोक उगाच घाबरतात. दाटी सोडवायला दोन दातांमधली कड पट्टीनं किंचित घासून जागा करतात, एका फटीत फार तर अर्धा मिलिमीटर. हे तारांमध्येही करतात. मर्यादेत केलं तर दात किडत नाही की हलत नाही. कोणत्या दातांमध्ये किती घासणार हे योजनेत लिहिलेलं असतं, ते मागून बघा.

पैसे, आणि डॉक्टर

धातूच्या तारा तुलनेनं स्वस्तात होतात. अलायनरला साधारण अर्ध्या लाखापासून सुरुवात होते आणि मोठ्या कामाला, मोठ्या ब्रँडला दोन-तीन लाखांपर्यंत आकडा जातो. हे पैसे प्लॅस्टिकचे वाटतात, पण ट्रेपेक्षा मोलाचं आहे ते योजना आखणारं डोकं. बीडीएसनंतर तीन वर्षं फक्त याच विषयाचं एमडीएस केलेल्या डॉक्टरला ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. अलायनर देणारा प्रत्येक जण ऑर्थोडॉन्टिस्ट असतोच असं नाही. पाटीवर किंवा चिठ्ठीवर पदवी वाचा, नसेल तर विचारा, त्यात अपमान काही नाही. ‘तुम्ही तारांच्याही केसेस करता का?’ हा माझा आवडता प्रश्न. ज्याच्याकडं दोन्ही आहे त्याला तुमच्यावर अलायनर खपवायची गरज नसते. बजेट कमी असेल तर डेंटल कॉलेजांत ऑर्थोडॉन्टिक्सचा विभाग असतोच, तिथं तारांचा खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. वेळ जातो, पण शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या नजरेखाली काम होतं.

घरी साचा घेऊन कुरिअरनं ट्रे पाठवणाऱ्या योजनांपासून मात्र लांब राहा, हे मी कळकळीनं सांगते. स्माइलडायरेक्टक्लब या अमेरिकी कंपनीनं २०१४ पासून असा मोठा धंदा केला. सप्टेंबर २०२३ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबरात तिनं दारं बंद केली. ज्यांचे दात अर्धे सरकले होते ते तसेच राहिले. धंदा बुडणं हा तर एक भाग झाला. एक्स-रे न काढता दात हलवणं मुळातच धोक्याचं आहे. पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, आणि बाजूनं चेहऱ्याचा एक्स-रे काढल्याशिवाय आत अडकलेली अक्कलदाढ, झिजलेलं हाड, मुळाशी असलेला पू यातलं काहीच दिसत नाही. हाड आधीच कमी असलेल्या दाताला ढकललं तर तो सरळ होण्याऐवजी हलायला लागतो. मधुमेह काबूत नसणाऱ्यांनी आणि ब्रश करताना रक्त येणाऱ्यांनी आधी हिरड्यांवर उपचार घ्यावेत. वयाची तशी अट नाही, पन्नाशीतही दात सरकतात, हाड आणि हिरडी धड हवी.

लहान मुलांचं गणित वेगळं. जबडा वाढत असताना काही दोष वेगळ्या उपकरणांनी फार सोपे सुटतात, आणि ती वेळ गेली की गेली. त्यामुळं सातव्या-आठव्या वर्षी एकदा दाखवून ठेवावं. शाळकरी मुलाला अलायनर द्यायचे असतील तर घरातल्यांनी स्वतःला विचारावं, हा पोरगा वॉटरबॅग महिनाभर सांभाळतो का? हरवत असेल तर तारा बऱ्या, त्या तोंडातून कुठं जात नाहीत.

ट्रे नीट चालला आहे का हे घरी आरशातही बघता येतं. दाताची कड आणि ट्रे यांच्यामध्ये पोकळी दिसायला लागली, विशेषतः वरच्या मधल्या दोन दातांशेजारच्या लहान दातांवर, तर तो दात मागं पडतोय. तारखेला चिकटून पुढचा ट्रे घालू नका, फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. ते आहे त्याच ट्रेवर आणखी आठवडा थांबायला सांगतील नाहीतर बोलावून घेतील.

शेवटचा ट्रे संपला की रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारा साचा, सुरू होतो. दाताभोवतालचे तंतू नव्या जागेला सरावायला महिने लागतात, आणि वयाबरोबर दात थोडे सरकतातच, तारा लावलेल्यांचेही आणि कधीच काही न लावलेल्यांचेही. सुरुवातीचे काही महिने दिवसरात्र आणि नंतर रोज रात्री रिटेनर घालायचा, किती वर्षं या प्रश्नाला बहुतेक डॉक्टरांचं उत्तर एकच असतं: दात सरळ हवेत तोवर. काही जण दातांच्या मागच्या बाजूनं बारीक तार कायमची चिकटवून देतात, ती घालायला विसरायचा प्रश्नच नसतो, पण तिथं घासायला जास्त लक्ष लागतं. प्लॅस्टिकचा रिटेनर वर्ष-दोन वर्षांत झिजतो, तडकतो, नवा करावा लागतो. म्हणून सुरुवातीला पॅकेजचा आकडा ऐकतानाच रिफाइनमेंट, हरवलेला ट्रे आणि पहिला रिटेनर त्यात धरलाय की वेगळा, हे कागदावर लिहून घ्या.